‘नाहीसं होतं’ म्हणजे नक्की कुठे जातं?

गेल्या महिन्यात माझ्या पुतणीनं, सईनं, तिचा कॉलेजचा प्रकल्प माझ्या हातात ठेवला. अकरावीला पर्यावरणाचा एक प्रकल्प करावा लागतो, तो. “काका, फक्त शुद्धलेखन बघ हं. बाकी काही बदलायचं नाही,” अशी तंबीही दिली. आम्ही ठाण्याचे, त्यामुळे विषय साहजिकच खाडीचा. ‘ठाणे खाडीतील विषारी गाळ : समुद्री शेवाळाचा उपाय’. नेटवर कुठेतरी तिला सापडलं होतं की समुद्राच्या तळाशी साचलेलं विष शेवाळ काढून घेऊ शकतं. पोरीनं मेहनत घेतली होती. आकृत्या काढल्या होत्या, रंगवल्या होत्या.

मी ऱ्हस्व-दीर्घ सुधारत चाललो होतो. सातव्या पानावर दोन वाक्यं आली. पहिलं असं : ‘शेवाळ गाळातील विषारी द्रव्ये शोषून घेते व ती नाहीशी होतात.’ आणि लगेच खाली दुसरं : ‘वाढलेले शेवाळ कापून खत अथवा पशुखाद्य म्हणून विकता येईल, त्यामुळे हा उपाय फुकटात पडेल.’

शुद्धलेखन अगदी बरोबर होतं. पण माझं पेन तिथेच अडकलं. कारण ही दोन वाक्यं एकापाठोपाठ वाचल्यावर मला वेल्समधली न्याहारी आठवली. काय संबंध, असं तुम्ही म्हणाल. सांगतो. पण त्याआधी थोडं शेवाळाबद्दल.

समुद्री शेवाळ हा मोठा साठेबाज प्राणी आहे. (प्राणी नाही, वनस्पतीही धड नाही, पण साठेबाज नक्की.) ही गोष्ट माणसाला कळली ती युद्धामुळे. नेपोलियनच्या काळात फ्रान्सला तोफांच्या दारूसाठी सोरा हवा होता, आणि सोरा करायला क्षार लागत. ते समुद्रकिनाऱ्यावरचं शेवाळ जाळून, त्याच्या राखेतून काढत. १८११ साली बर्नार कुर्त्वा नावाचा सोरा बनवणारा रसायनज्ञ या राखेवर काम करत असताना त्याच्याकडून त्यात गंधकाम्ल जरा जास्त पडलं, आणि भांड्यातून जांभळ्या रंगाची वाफ उठली. ते आयोडीन होतं. समुद्राच्या पाण्यात आयोडीन अगदी नगण्य असतं, पण काही तपकिरी शेवाळं ते पाण्याच्या तीस हजार पटीपर्यंत आपल्या अंगात साठवतात. त्या राखेत ते सापडलं यात म्हणूनच नवल काही नाही.

पुढे १८८१ मध्ये स्टॅनफर्ड नावाच्या ब्रिटिश रसायनज्ञानं तपकिरी शेवाळातून अल्जिन हा चिकट पदार्थ वेगळा काढला. आज आइस्क्रीमपासून दाताच्या मापाच्या साच्यापर्यंत सगळीकडे तो असतो. या अल्जिनची खोड अशी की धातूंचे आयन दिसले की ते पकडून ठेवायचे. शीतयुद्धाच्या काळात, अणुचाचण्यांमुळे दुधात स्ट्रॉन्शियम उतरू लागल्याची भीती होती, तेव्हा कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठातल्या स्कोरीना यांच्या गटानं १९६४ मध्ये दाखवलं की सोडियम अल्जिनेट पोटात असेल तर किरणोत्सारी स्ट्रॉन्शियम शरीरात कमी शोषलं जातं. त्याच मॅकगिलमध्ये बोहुमिल व्होलेस्की यांनी पुढे १९९० च्या दशकात वाळलेल्या शेवाळाचा कॅडमियम पकडण्यासाठी वापर कसा होईल ते अभ्यासलं. गढूळ पाण्यात तुरटी फिरवावी तसं सांडपाण्यातल्या जड धातूंसाठी शेवाळ वापरायचं, अशी ती कल्पना.

म्हणजे सई म्हणते त्यातला ‘शोषून घेते’ हा भाग शंभर टक्के खरा आहे. भानगड आहे ती ‘नाहीशी होतात’ या शब्दांत.

आता वेल्सची न्याहारी.

इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावर, तेव्हाच्या कंबरलंड परगण्यात, विंडस्केल नावाचा अणुप्रकल्प १९४७ पासून उभा राहू लागला. बॉम्बसाठी प्लुटोनियम तयार करणं हे त्याचं काम. हेच पुढे १९८१ मध्ये सेलाफील्ड म्हणून ओळखलं जाऊ लागलं. प्रकल्पातलं किरणोत्सारी सांडपाणी एका पाइपातून, किनाऱ्यापासून दोन-अडीच किलोमीटर आत, आयरिश समुद्रात सोडत. १९५२ पासून हे नियमित सुरू झालं. त्यामागचा विचार तेव्हा सगळ्या जगाचा होता तोच : समुद्र एवढा मोठा आहे, विरून जाईल. गंमत म्हणजे विंडस्केलचे लोक बेफिकीर मुळीच नव्हते. १९५८ च्या जिनिव्हा परिषदेत त्यांच्यातल्या डन्स्टर या तज्ज्ञानं सरळच सांगितलं, की सोडलेल्या द्रव्यांचं समुद्रात पुढे काय होतं हे कळावं म्हणून ती मुद्दाम बऱ्यापैकी प्रमाणात सोडली गेली. प्रयोगच होता तो.

प्रयोगाचं उत्तर शेवाळानं दिलं.

त्या किनाऱ्यावरच्या खडकांवर पॉर्फिरा नावाचं जांभळट, पातळ पापुद्र्यासारखं शेवाळ उगवतं. सुशी ज्यात गुंडाळतात त्या नोरीचं हे सख्खं भावंड. सांडपाण्यात रुथेनियम-१०६ हे किरणोत्सारी मूलद्रव्य होतं. पॉर्फिरानं ते पाण्याच्या मानानं हजारपटीहून जास्त आपल्या अंगावर गोळा केलं. आता शेवाळानं खडकावर बसून काय गोळा करायचं ते करावं, माणसाला त्याचं काय? पण दक्षिण वेल्समध्ये, स्वान्सीच्या परिसरात, हे शेवाळ खातात. धुऊन, तासन् तास शिजवून त्याचा आपल्या अळूच्या फतफत्यासारखा गर्द लगदा करायचा, ओटच्या पिठात घोळवून चरबीत तळायचं, आणि सकाळी बेकनबरोबर खायचं. त्याला लेव्हरब्रेड म्हणतात. नावात ब्रेड असलं तरी पावाशी काही संबंध नाही. कोळशाच्या खाणीत उतरणाऱ्या कामगारांची ही आवडती न्याहारी. वेल्सच्या आपल्या किनाऱ्यावरचं शेवाळ मागणीला पुरत नसे. म्हणून ते बाहेरून येई. कुठून? तर इतर ठिकाणांबरोबरच कंबरलंडच्या किनाऱ्यावरून. तिथले लोक ते खडकांवरून खुडत, पोत्यात भरत आणि रेल्वेनं स्वान्सीला पाठवत.

बघा मंडळी, कसा प्रवास झाला तो. पाइपातून समुद्रात, समुद्रातून शेवाळात, शेवाळातून पोत्यात, पोत्यातून रेल्वेत, आणि शेकडो किलोमीटरवरच्या एका खाणकामगाराच्या ताटात. समुद्रात विरून जाणार म्हणून सोडलेली गोष्ट शेवाळानं कण कण वेचून पुन्हा एकत्र केली, आणि माणसानं ती आपल्या हातानं घरी आणली.

लोवस्टॉफ्ट इथल्या सरकारी मत्स्य प्रयोगशाळेच्या लोकांनी मग जे केलं त्याचं मला कौतुक वाटतं. त्यांनी दक्षिण वेल्समध्ये जाऊन कोण किती लेव्हरब्रेड खातं याची पाहणी केली. बहुतेक लोक अधूनमधून खाणारे निघाले. पण शंभरेक माणसं अशी होती की ती रोज १६० ग्रॅमच्या आसपास खात. सरासरी माणसाचा विचार न करता या शंभर खवय्यांना समोर ठेवायचं ठरलं. ते सुरक्षित राहिले तर बाकीचे राहतीलच. यालाच ‘क्रिटिकल ग्रुप’ म्हणतात, आणि किरणोत्साराच्या नियमनात जगभर रूढ झालेल्या या कल्पनेच्या सुरुवातीच्या उदाहरणांत हे लेव्हरब्रेड खाणारे येतात. म्हणजे विंडस्केलच्या पाइपातून किती रुथेनियम सोडायचं, हे त्या वर्षांत मुख्यतः स्वान्सीच्या स्वयंपाकघरातल्या पातेल्यावरून ठरत होतं! आणि हेही सांगायला हवं, की त्या हिशेबानं या लोकांना मिळणारा डोस त्या काळच्या मर्यादेच्या आत राहिला. शिवाय निरनिराळ्या किनाऱ्यांचं शेवाळ एकत्र मिसळलं जाई, त्यानंही तीव्रता कमी होई. कुणी विषबाधेनं मेलं अशी ही गोष्ट नाही. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला त्या किनाऱ्यावरून वेल्सला शेवाळ जाणं थांबलं आणि हा अध्याय संपला.

पण मला या गोष्टीतली खरी मेख वेगळीच वाटते. हे सगळं नीट झालं, कारण कुणीतरी विचारलं : हे शेवाळ पुढे कुठे जातं? खडकावरून खुडणाऱ्याच्या मागोमाग, पोत्याच्या मागोमाग, थेट ताटापर्यंत कुणीतरी गेलं. आमच्या सईच्या प्रकल्पात खडकावरचं शेवाळ होतं, पोतंही होतं (‘खत अथवा पशुखाद्य’), फक्त त्या पोत्याच्या मागे जाणारं कुणी नव्हतं.

असो. आता गाळाकडे वळू, कारण प्रकल्प गाळाबद्दल होता.

विंडस्केलचं रुथेनियम तसं अल्पायुषी. वर्षभरात अर्धं होतं. पण त्याच पाइपातून गेलेली प्लुटोनियम आणि अमेरिशियम ही मंडळी गाळाच्या कणांना चिकटली आणि तळाशी बसली. सीझियमही गेलं. त्याचं प्रमाण १९७० च्या दशकाच्या मध्यावर सर्वाधिक होतं, मग शुद्धीकरणाच्या सोयी आल्या आणि ते खूप खाली आलं. तेव्हा असं लक्षात आलं की पाण्यात येणारं सीझियम आता पाइपापेक्षा जुन्या गाळातून सुटून येतंय. बापानं ठेवलेलं कर्ज मुलानं फेडावं, तसा गाळ हळूहळू परतफेड करत राहतो.

मग शेवाळ लावून हा गाळ का नाही धुऊन काढायचा? इथे एक साधी अडचण आहे, आणि ती सईच्या आकृतीतच दिसत होती. तिनं शेवाळाला छान मुळं काढली होती. शेवाळाला मुळं नसतात. खडकाला धरून ठेवायला बुडाशी एक पकड असते, तिचा उपयोग दोरीच्या गाठीएवढाच. खाणंपिणं सगळं पानासारख्या अंगातून, आजूबाजूच्या पाण्यातून. त्यामुळे गाळात वीतभर खाली पुरलेलं विष शेवाळाच्या आवाक्यातच येत नाही. पाण्यात जे सुटून येईल तेवढंच त्याचं.

गाळात मुळं सोडणारं दुसरं एक झाड समुद्रात आहे, समुद्री गवत. हे शेवाळ नव्हे. याला खरी मुळं, खरी फुलं असतात. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या सेक्विम इथल्या सागरी प्रयोगशाळेत ह्यूजमन आणि सहकाऱ्यांनी ईलग्रास हे समुद्री गवत दूषित गाळात लावून पाहिलं. त्यांचा लेख २००९ मध्ये आला. गाळात दोन प्रकारची विषं होती. एक पीएएच, म्हणजे तेल-कोळशातून आणि त्यांच्या जळण्यातून येणारी संयुगं. दुसरी पीसीबी, म्हणजे जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या तेलातली. ६० आठवड्यांनी गवत लावलेल्या गाळातली पीएएच ७३ टक्क्यांनी घटली होती, नुसत्या गाळात २५ टक्क्यांनी. पीसीबी गवताच्या गाळात ६० टक्क्यांनी कमी झाली, नुसत्या गाळात मुळीच नाही. आणि हे सगळं विष गवतानं पिऊन टाकलं का? नाही. झाडाच्या अंगात त्यातलं थोडंच गेलं. बाकीचं काम बहुधा मुळांभोवतीच्या जिवाणूंनी केलं. मुळांमधून पाझरणारा प्राणवायू आणि खाद्य मिळालं, आणि ते कामाला लागले.

शेवाळाचंही असंच एक उदाहरण आहे, जमिनीवरचं. डीडीटीनं वर्षानुवर्षं दूषित झालेल्या मातीत शेवाळाची पूड मिसळून पाहण्याचे प्रयोग सिंगलटन, नायडू, मेघराज वगैरे शास्त्रज्ञांनी केले, ते २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. मातीच्या वजनाच्या फक्त अर्धा टक्का शेवाळ घातलं तर डीडीटी झपाट्यानं कमी झालं. फार जास्त घातलं तर उलट काम मंदावलं. इथेही शेवाळ म्हणजे जिवाणूंचा डबा. डीडीटी मोडलं ते जिवाणूंनी.

म्हणजे ‘नाहीसं होतं’ हे काही विषांच्या बाबतीत खरंच खरं आहे. डीडीटी, पीसीबी, पीएएच हे कार्बनचे रेणू आहेत. जोडलेले आहेत, म्हणून तोडता येतात. पण आपल्या खाडीच्या गाळातलं एक नावाजलेलं विष कोणतं? पारा. पारा हे मूलद्रव्य. त्याला कुठला जिवाणू तोडणार? तो फक्त जागा बदलतो, किंवा वेश बदलतो.

ठाण्याच्या खाडीतल्या पाऱ्याबद्दल राष्ट्रीय समुद्र विज्ञान संस्थेच्या झिंगडे आणि देसाई यांचा अभ्यास १९८१ सालीच प्रसिद्ध झालाय. उल्हास नदीच्या मुखाकडच्या गाळातल्या पाऱ्यावर याच संस्थेच्या संशोधकांचे लेख २००३ मध्ये आणि त्यानंतरही आले. मिठाच्या पाण्यातून वीज सोडून कॉस्टिक सोडा आणि क्लोरीन करायची एक जुनी पद्धत होती, त्यात पारा वापरत. त्यातला थोडा थोडा सांडपाण्याबरोबर जाई. कारखान्यांनी ती पद्धत पुढे सोडली, पण गेलेला पारा गाळात आहेच. आणि त्याचा वेश बदलणं तर फारच वाईट. गाळातले जिवाणू पाऱ्याचं मिथिल पारा या फार घातक रूपात रूपांतर करतात, हे स्वीडनच्या येन्सेन आणि येर्नेलोव्ह यांनी १९६९ मध्ये दाखवलं. हा मिथिल पारा माशांत साठतो. मिनामाता म्हणतात ते हेच. आता विचार करा : डीडीटीच्या मातीत ज्या युक्तीनं काम झालं, म्हणजे कुजतं शेवाळ घालून जिवाणूंना खायला द्यायचं, तीच युक्ती पाऱ्याच्या गाळात केली तर जिवाणू जोमानं मिथिल पारा बनवायला लागू शकतात. एका विषाचं औषध दुसऱ्या विषाचं खाद्य.

जपानी लोकांनी मिनामाताच्या उपसागरात काय केलं? तिथे शेवाळ-बिवाळ काही नाही. १९७७ ते १९९० अशी तेरा-चौदा वर्षं, २५ पीपीएमहून जास्त पारा असलेला गाळ, सुमारे पंधरा लाख घनमीटर, उपसला, बंदिस्त केला, वर माती टाकली. ५८ हेक्टर नवी जमीन झाली. आज तिथे बाग आहे. पारा त्या जमिनीखाली आहे. तो नाहीसा झालेला नाही हे तिथल्या सगळ्यांना ठाऊक आहे. कुठे आहे, हेही ठाऊक आहे. मला वाटतं, ‘स्वच्छ केलं’ याचा प्रामाणिक अर्थ एवढाच असू शकतो.

हे सगळं मी सईला सांगितलं तेव्हा तिचा चेहरा पडला. “मग माझा प्रकल्प कचऱ्यात टाकू?” मी म्हटलं, अगं, उलट आहे. तुझा शेवाळवाला विचार चांगलाच आहे, फक्त शेवाळाला सफाई कामगार करण्याआधी पहारेकरी कर. विंडस्केलच्या काळापासून शेवाळाचं हेच काम सगळ्यात भरवशाचं ठरलंय. १९९४ नंतर सेलाफील्डमधून टेक्निशियम-९९ जास्त प्रमाणात समुद्रात जाऊ लागलं, तेव्हा ते आयरिश समुद्रातल्या झिंग्यांत सापडलं, आणि पार नॉर्वेच्या किनाऱ्यावरच्या शेवाळातसुद्धा. नॉर्वेनं आरडाओरडा केला, आणि २००३-०४ मध्ये ते सोडणं थांबवून प्रक्रिया बदलावी लागली. शेवाळानं तिथे समुद्र स्वच्छ केला नाही. साक्ष दिली.

“पण आपल्या खाडीत शेवाळ आहे तरी का?” तिनं विचारलं. प्रश्न बरोबर होता. मोठं शेवाळ हवं तर खडक हवा आणि पाण्यातून ऊन खाली पोचायला हवं. ते मालवणला, रत्नागिरीला आहे, मुंबईतही कुलाब्याच्या, वांद्र्याच्या खडकांवर दिसतं. आपली खाडी म्हणजे चिखल, तिवरं आणि चहासारखं गढूळ पाणी. त्याच चिखलावर दर हिवाळ्यात रोहित पक्षी येतात. २०१५ मध्ये तिथे फ्लेमिंगो अभयारण्य झालं, २०२२ मध्ये खाडीला रामसरचा दर्जा मिळाला. चेंदणी कोळीवाड्यातली माणसं पिढ्यान् पिढ्या या खाडीवर जगली. खाडीतल्या निवट्या आणि खेकडे आमच्याही घरी लहानपणी यायचे. आई त्या निवट्यांचं तिखट करायची. तेव्हा आम्हीच कुणाच्या तरी हिशेबात ‘क्रिटिकल ग्रुप’ व्हायला हवे होतो. पण आमच्या पातेल्यापर्यंत कुणी वही-पेन्सिल घेऊन आल्याचं मला तरी आठवत नाही.

दोन दिवसांनी सईनं सातवं पान पुन्हा लिहून आणलं. ‘नाहीशी होतात’ खोडलेलं होतं. त्या जागी लिहिलं होतं : ‘काही विषारी द्रव्ये सूक्ष्मजीवांमुळे मोडतात. धातू मोडत नाहीत, ते शेवाळात जातात.’ खत आणि पशुखाद्याचं वाक्य पूर्ण गेलं होतं. आकृतीतली मुळंही पांढऱ्या शाईनं पुसली होती, जरा डाग राहिला होता. शेवटी ‘निष्कर्ष’ या मथळ्याखाली नुसता एक प्रश्न होता : ‘कापलेले शेवाळ कुठे ठेवायचे आणि ते तिथेच राहील यावर लक्ष कोण ठेवणार?’

“काका, निष्कर्षात प्रश्न चालतो का?” तिनं विचारलं.

शुद्धलेखन तेवढं बघायचं ठरलं होतं. मी प्रश्नचिन्ह आहे ना ते बघितलं आणि वही परत दिली.